बोल्टास तेल लावावें कीं नाहीं?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. मोटारीचें इंजिन खोलून पुन्हां जोडतांना बोल्टांना तेल लावावें कीं ते कोरडेच बसवावे, हा प्रश्न एका मेस्त्रीनें दुसऱ्या मेस्त्रीला विचारावा. जन्मभर शाळेंत खडू झिजविलेल्या माणसानें त्यांत कां पडावें, असें तुम्ही म्हणाल. २०२१ च्या पावसाळ्यापूर्वीं मीही असेंच म्हटलें असतें. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचें मीं एकदां चुकीचें उत्तर दिलें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तें गुरुवाक्य म्हणून मानलें, आणि त्यापायीं त्याच्या गाडीचें इंजिन पुन्हां उघडावें लागलें. चूक माझी, भुर्दंड त्याला. तेव्हां आजचें भाषण म्हणजे एका परीनें त्या चुकीची जाहीर दुरुस्ती आहे.

मी महाड तालुक्यांतील वीर गांवीं राहतों. कोंकण रेल्वेचा रोह्यापासून वीरपर्यंतचा टप्पा १९९३ सालीं सुरू झाला, आणि तेव्हांपासून स्टेशनावर उतरलेल्या माणसांची ने-आण करून आमच्या भागांतील कित्येक घरें चालत आलीं आहेत. २०२१ च्या जुलै महिन्यांत सावित्री आणि गांधारी या नद्यांनीं महाड शहरांत जो हाहाकार केला, तो आपण विसरला नसाल. त्याच २२ जुलै रोजीं आमच्या तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली आणि ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्या दुःखापुढें गाड्यांची गोष्ट काढूं नये हें खरें. पण जे वांचले त्यांना पोट भरावयाचें होतें, आणि महाडांतील पोट भरण्याचीं साधनें चिखलाखालीं होतीं. दुकानांतील माल गेला, यंत्रें गेलीं. रिक्षा, टेंपो, दुचाक्या यांच्या अंगांत गाळ शिरला. पुढें कित्येक आठवडे गॅरेजांच्या दारांत उघडीं पडलेलीं इंजिनें दिसत.

त्यांतच माझ्या विद्यार्थ्याची जीप होती. चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन, आणि कर्जाचे निम्म्याहून अधिक हप्ते बाकी. गाडी महाडांत एका आप्ताच्या अंगणांत उभी असतां पाणी तिच्या डोक्यावरून गेलें. एक शहाणपण मात्र त्यानें केलें: पाणी ओसरल्यावर "बघूं तर खरें" म्हणून किल्ली फिरविली नाहीं. सिलिंडरांत हवा असली तर पिस्टन ती दाबूं शकतो; पाणी असलें तर तें दाबलें जात नाहीं, आणि वर येणाऱ्या पिस्टनाचा दांडा वांकतो. उतावळेपणानें गाडी सुरू करूं पाहणारीं कित्येक माणसें अशा रीतीनें धुवून-पुसून चालण्याजोगें इंजिन कायमचें गमावतात. द्रव पदार्थ दाबला जात नाहीं, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें दुसऱ्या वेषांत भेटणार आहे.

इंजिन उघडलें, गाळ काढला, घासलेटानें सर्व भाग धुतले, नवें गास्केट घालून हेड पुन्हां बसविलें. हेड म्हणजे सिलिंडरांवरचें जाड झांकण. तें आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्यें गास्केटाचा पातळ पत्रा असतो, आणि हे तिन्ही भाग दहा लांब बोल्टांनीं एकमेकांशीं आवळलेले असतात. बोल्ट किती आवळावयाचे याचा एक आंकडा असतो. मेस्त्रीच्या फोनवर कंपनीच्या पुस्तकांतील एका पानाचा फोटो कोणीसा धाडलेला होता, त्यांत तो आंकडा होता. मेस्त्रीजवळ आवळण्याचा जोर मोजणारा पानाही होता. आंकडा लागला कीं हा पाना 'कट्' असा आवाज करतो. जुनेच बोल्ट फडक्यानें पुसून घेतले, आणि दहाही वेळां 'कट्' वाजल्यावर काम संपलें.

पंधरा दिवसांनीं पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटांत भरल्या गाडीचें पाणी उकळलें आणि मागून पांढरी वाफ निघूं लागली. गास्केट फुटलें होतें. बोल्टांची पकड अपुरी पडून सिलिंडरांतील दाबानें वाट काढली होती.

तो संध्याकाळीं माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, आंकडा बरोबर होता, पाना नवा होता, मी स्वतः जवळ उभा होतों. मग सैल राहिलें कसें?"

मीं विचारलें, "बोल्टांना तेल लावलें होतें का?"

"नाहीं. थोडे गंजलेले होते, पण पुसून घेतले."

"अरे, मग त्यांत नवल तें काय? सातवीच्या वर्गांत तुला काय शिकविलें होतें? तेलानें घर्षण कमी होतें आणि काम सुलभ होतें."

हें सांगतांना मला मोठा अभिमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वींचा धडा आज एका माणसाच्या पोटापाण्याच्या उपयोगीं पडत आहे, याहून शिक्षकाला अधिक काय हवें?

शिष्य माझ्याहून एक पाऊल पुढें गेला. तेलानें काम होतें तर ग्रीसानें अधिक चांगलें होईल, अशा समजुतीनें त्यानें बाजारांतून मॉलिब्डेनम मिसळलेलें काळें ग्रीस आणलें. आट्यांना फांसलें, बोल्टाच्या डोक्याखालीं फांसलें, आणि ज्या भोंकांत बोल्ट शिरतात तींही निम्मीं भरून टाकलीं. आंकडा अर्थात् तोच ठेवला. सातव्या बोल्टाला पाना फिरतच राहिला; 'कट्' वाजेना. मेस्त्री म्हणाला, बोल्ट मऊ लागतो. काढून पाहिला तों त्याची मान बारीक झालेली आणि तेथले आटे एकमेकांपासून लांब गेलेले. नवव्या बोल्टाची तऱ्हा उलटी. तेथें 'कट्' वेळेपूर्वींच वाजला होता. पण बोल्टाचें डोकें हेडाला टेकलेलेंच नव्हतें, मधून कागद सरकत होता. एकाच पान्यानें, एकाच आंकड्याला, एक बोल्ट ताणून निकामी झाला आणि दुसरा बसलाच नाहीं.

अशा वेळीं राज्य परिवहन खात्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध फिटरांना बोलावून आणलें. त्यांनीं दोन्ही बोल्ट हातांत घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "हा आंकडा कोरड्या बोल्टाचा कीं तेल लावलेल्या?"

मेस्त्री माझ्या विद्यार्थ्याकडे पाहूं लागला, विद्यार्थी माझ्याकडे. उत्तर कोणापाशींच नव्हतें. आंकडा आमच्या गांवापर्यंत पोंचला होता. त्याची अट वाटेंत कोठेंतरी गळाली होती.

श्रोते हो, या प्रश्नांत एवढें काय आहे, हें समजण्यासाठीं बोल्ट मुळांत काय काम करतो तें पाहिलें पाहिजे. आपली कल्पना अशी, कीं बोल्ट म्हणजे लोखंडाची खुंटी. ती आंत घट्ट रुतली कीं झालें. वास्तविक बोल्ट ही एक ताठर स्प्रिंग आहे. आपण तो आवळतों तेव्हां तो खरोखर लांबतो, आणि पूर्ववत् आखूड होण्याच्या त्याच्या ओढीनेंच दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. १२ मिलिमीटर जाडीचा आणि १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट साडेतीन टनांच्या ताणानें जेमतेम एका मिलिमीटराच्या सहाव्या भागाइतका लांबतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लांबण्यावर सारी पकड अवलंबून असते. ताण काढतांच बोल्ट पूर्ववत् होतो. परंतु ठराविक मर्यादेपलीकडे ताणला तर फार ओढलेल्या स्प्रिंगेप्रमाणें तो लांबलेलाच राहतो. आमच्या सातव्या बोल्टाचें असेंच झालें.

ही पकड किती लागते याचा अंदाज करूं. ९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांत इंधन पेटून दाब वातावरणाच्या १०० पट झाला, तर हेडाला वर उचलूं पाहणारें बळ सुमारें साडेसहा टन भरतें. मिनिटास २००० फेरे घेणाऱ्या चार धांवांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरामध्यें असा धक्का मिनिटास १००० वेळां बसतो. भोंवतालच्या बोल्टांनीं तो सगळा सोसून गास्केटावर दाब शिल्लक ठेवावयाचा असतो.

आतां हा ताण बोल्टांत उत्पन्न कसा होतो? वर्गांत मी मुलांना एक काटकोन त्रिकोण कागदाचा कापावयास सांगत असें आणि तो पेन्सिलीभोंवतीं गुंडाळावयास लावीत असें. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर वेढे घेत वर चढते. हाच स्क्रूचा आटा. म्हणजे बोल्टाचा आटा हा डोंगराभोंवतीं वळणें घेत चढणारा घाटरस्ताच आहे. १२ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टावर एका फेऱ्यांत १.७५ मिलिमीटर चढ असतो. म्हणजे साधारणपणें वीस पावलें चालावें तेव्हां एक पाऊल वर जावें, असा बेताचा घाट. आपण पाना फिरवितों म्हणजे या घाटानें ओझें वर ओढून नेतों. ओझें म्हणजे बोल्टाचा ताण.

परंतु घाट चढणाऱ्या बैलाची सारी शक्ति कांहीं ओझें वर चढविण्यांत जात नाहीं. चाकांच्या आणि रस्त्याच्या घर्षणांतही ती खर्च होते. बोल्टांत हा खर्च फार मोठा आहे. ढोबळ मानानें, पान्यावर लावलेल्या जोराचे १०० भाग धरले, तर सुमारें ५० भाग बोल्टाचें डोकें खालच्या पृष्ठावर घासण्यांत जातात, ४० भाग आट्यांच्या घर्षणांत जातात, आणि केवळ १० भाग बोल्ट ताणण्याच्या कामीं येतात. जोर मोजणारा पाना या १०० भागांची बेरीज सांगतो. आपणांस हव्या असलेल्या १० भागांविषयीं तो अवाक्षर बोलत नाहीं. शंभर रुपयांच्या जमाखर्चांत नव्वद रुपये वाटखर्च असावा आणि शिल्लक दहाच उरावी, अशी ही स्थिति. वाटखर्च थोडा कमीजास्त झाला, कीं शिलकेंत केवढा फरक पडतो, हें कोणीही गृहस्थ सांगूं शकेल.

इंजिनियर लोक यासाठीं एक सोपें त्रैराशिक वापरतात. पान्याचा जोर म्हणजे बोल्टाची जाडी, त्यांतील ताण आणि घर्षणाचा एक गुणक, या तिहींचा गुणाकार. गुणक स्वच्छ कोरड्या पोलादाला सुमारें ०.२०, इंजिन ऑईल लावलेल्याला सुमारें ०.१५, मॉलिब्डेनमच्या ग्रीसाला सुमारें ०.११, आणि गंजलेल्या आट्यांना ०.३० पर्यंतही जाऊं शकतो. समजा, बोल्ट १२ मिलिमीटरचा आहे आणि आंकडा ८० न्यूटन-मीटरचा, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोंकाला आठएक किलो वजन टांगल्याइतका. पान्यावरचा आंकडा तोच ठेवून हिशेब केला, तर बोल्टांतील ताण असा येतो: गंजलेला असल्यास सव्वादोन टन; स्वच्छ कोरडा असल्यास ३.४ टन, इंजिन ऑईल लावलेलें असल्यास ४.५ टन, आणि काळें ग्रीस फांसलेलें असल्यास ६.२ टन. पान्यानें चारही वेळां 'कट्' असेंच म्हटलें असतें.

आतां बोल्टाची सहनशक्ति पाहूं. बोल्टाच्या डोक्यावर पुष्कळदां ८.८ असा आंकडा कोरलेला असतो. पहिल्या आठाचा अर्थ असा, कीं तें पोलाद दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटनांवर तुटतें. दशांशचिन्हापुढच्या आठाचा अर्थ, त्याच्या आठ-दशांशावर, म्हणजे ६४० न्यूटनांवर, तें कायमचें लांबूं लागतें. आट्यांपाशीं १२ मिलिमीटरच्या बोल्टाचें कामाचें क्षेत्रफळ ८४ चौरस मिलिमीटर धरतात. गुणाकार केला कीं मर्यादा सुमारें साडेपांच टनांची येते. तेल लावलेला बोल्ट साडेचार टनांवर मर्यादेच्या आंत राहिला; ग्रीस लावलेला सवासहा टनांकडे जातां जातां वाटेंतच ताणला गेला. सातवा बोल्ट मऊ कां लागला, याचें उत्तर पाटीवरच्या एवढ्याशा गणितांत होतें. आणि तें मांडण्याइतकें गणित येत असूनही मीं तें मांडलें नव्हतें.

नवव्या बोल्टाचें काय? तें भोंक तळाशीं बंद होतें. त्यांत निम्म्यापर्यंत ग्रीस भरल्यावर वरून बोल्ट उतरूं लागला, म्हणजे तें जाणार कोठें? मघाशीं सांगितलेली गोष्ट येथें भेटते. कोंडलेला द्रव दाबला जात नाहीं. सतराव्या शतकांत पास्कल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविल्याप्रमाणें तो आपला दाब चहूंकडे सारखा पोंचवितो. घट्ट ग्रीसही तसेंच वागलें. बोल्ट त्या गादीवर टेकला आणि पान्याला वाटलें, आवळला. असा कोंडलेला दाब ओतीव लोखंडाचा ब्लॉक चिरूंही शकतो. आमचा चिरला नाहीं, हें दैव बलवत्तर म्हणावयाचें.

फिटरांच्या सांगण्यावरून त्या इंजिनाच्या पुस्तकाचीं पूर्ण पानें मिळविलीं. पुस्तक इंग्रजी, शब्दकोश उशाशीं घेऊन मीं तीं वाचलीं. आंकड्याच्या खालीं बारीक टाइपांत तीन ओळी होत्या. आट्यांना व डोक्याच्या खालच्या पृष्ठाला इंजिन ऑईलचा पातळ हात द्यावा; भोंकांत तेल वा पाणी राहूं देऊं नये; जुन्या बोल्टांची लांबी मोजून, ठराविक मापाहून लांब झालेले टाकून द्यावे. म्हणजे तो आंकडा ना कोरड्या बोल्टाचा होता ना ग्रीस लावलेल्याचा. पहिल्या वेळीं गंजामुळें पकड निम्म्यावर आली, दुसऱ्या वेळीं ग्रीसामुळें मर्यादेबाहेर गेली. आणि दोन्ही वेळां आंकडा मात्र बरोबर होता! फोटो काढणाऱ्यानें आंकडा तेवढा टिपला होता, त्या तीन ओळी चौकटीबाहेर राहिल्या होत्या.

आवळण्याचा जोर मोजूं लागल्याला अजून फार काळ झालेला नाहीं. अशा पान्याच्या कल्पनेचें श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यांतील कॉनराड बाहर यांना देतात. नळांच्या जोडांचे बोल्ट कामगार गरजेहून अधिक आवळीत, म्हणून १९१८ च्या सुमारास त्यांनीं ती काढली. तोंपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ काळ मेस्त्रीचा हात हाच मोजमाप होता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या पद्मिनी गाड्या मुंबईंत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धांवल्या. आमच्या कोंकणांतल्या कित्येकांनीं त्या चालविल्या, आणि त्यांचीं इंजिनें रस्त्याच्या कडेला बसून उघडलीं व मिटविलीं. त्या हातांची विद्या खोटी नव्हती. जुन्या इंजिनांत बोल्टाचें बरेंच बळ राखीव असे. थोडें कमीजास्त झालें तरी खपून जाई. अलीकडच्या इंजिनांत बोल्ट त्याच्या शेवटच्या मर्यादेजवळ नेऊन वापरतात, आणि तेथें हाताची संवय एकटी पुरत नाहीं.

मग तेल लावावें कीं नाहीं? आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, पुस्तकांत सांगितलें असेल तेंच करावें. तेल म्हटलें असेल तर तेल, कोरडें म्हटलें असेल तर कोरडें. इंजिनाच्या आंतील मुख्य बोल्टांना, म्हणजे हेडाचे, कनेक्टिंग रॉडचे आणि क्रँकच्या बेअरिंगांचे, यांना बहुधा तेल लावावयास सांगितलेलें असतें. याचें कारण केवळ काम सुलभ व्हावें हें नव्हे. कोरड्या बोल्टांचें घर्षण दर बोल्टाला निराळें. एक गुळगुळीत, एक खरखरीत. तेलानें दहाही बोल्टांचें घर्षण पुष्कळसें सारखें होतें, आणि म्हणून दहाही बोल्ट सारखे ताणले जातात. आट्यांना चरे पडण्याचें आणि पुढें गंजून अडकण्याचेंही त्यानें टळतें.

दुसरी गोष्ट, थेंबभर म्हणजे थेंबभरच. आट्यांवर ओलसर चकाकी दिसावी, ओघळ येऊं नये. डोक्याखालच्या पृष्ठाला विसरूं नये, कारण निम्मा वाटखर्च तेथेंच होतो. तळबंद भोंकांतील तेल, पाणी, घासलेट, गाळ हीं सर्व टिपून आणि हवेनें फुंकून काढावीं. फुंकतांना डोळ्यांवर चष्मा असावा.

तिसरी गोष्ट, तेल म्हणजे सफाई नव्हे. गंजावर तेल लावलें तर ओला गंज मिळतो. आटे आधीं घासलेटानें व तारेच्या ब्रशानें स्वच्छ करून वाळवावे. नट हातानें शेवटपर्यंत गेला पाहिजे; न गेल्यास बोल्ट बाजूला ठेवावा.

चौथी गोष्ट, तेल कोठें लावूं नये. आटे चिकटवून ठेवणारें द्रव्य जेथें लावावयाचें असतें, तेथें तेलाचा अंशही नको. ज्या बोल्टांचीं भोंकें इंजिनाच्या पाण्याच्या पोकळींत उघडतात, त्यांना पाणी अडविणारें द्रव्य लागतें. चाकांचे नट सामान्यतः स्वच्छ आणि कोरडे आवळावयाचे असतात. निर्मात्यानें सांगितल्याखेरीज त्यांना तेल-ग्रीस फांसूं नये. आंकडा कोरड्याचा आणि बोल्ट तेलकट, असें चाकाच्या बाबतींत झालें तर संकट गॅरेजांत न येतां रस्त्यावर येतें.

पांचवी गोष्ट, हेड एकदम आवळूं नये. मधल्या बोल्टांपासून आरंभ करून बाहेर जावें, आणि तें दोन-तीन फेऱ्यांत. हल्लीं पुष्कळ इंजिनांत थोड्या जोरानें आवळून झाल्यावर बोल्ट आणखी ९० अंश फिरवा, असें लिहिलेलें असतें. यांतील युक्ति सुंदर आहे. घर्षण किती का असेना, पाव फेरा फिरविला कीं १.७५ मिलिमीटरच्या आट्यानें बोल्ट ०.४४ मिलिमीटर पुढें सरकलाच पाहिजे. घाट चढतांना बैल किती दमला हें न मोजतां किती वळणें चढलीं तेंच मोजावयाचें. अशा रीतीनें आवळलेले कांहीं बोल्ट मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणण्यासाठींच बनविलेले असतात. ते एकदां काढले कीं संपले. पैसे वांचविण्यासाठीं पुन्हां घालूं नयेत.

कोणी म्हणेल, तेल लावलेला बोल्ट धक्क्यांनीं सैल होईल. ही भीति पूर्वापार आहे. परंतु आट्याचा चढ इतका सौम्य असतो, कीं तेल लावूनही उरलेलें घर्षण त्याला उलट फिरूं देत नाहीं. बोल्ट बहुधा सैल होतो तो ताण अपुरा राहिल्यामुळें. आमची पहिली खेप याची साक्ष आहे.

तिसऱ्या खेपेला दहाही बोल्ट नवे आणले. फिटरांनीं भोंकें स्वतः टिपून काढलीं, विद्यार्थ्यानें आटे घासले, आणि पुस्तक धरण्याचें काम माझ्याकडे होतें. प्रत्येक ओळ मी मराठींत मोठ्यानें वाचीत असें, आणि ती तिघांनाही समजल्यावरच पाना फिरे. संध्याकाळ झाली, पण काम एकदांच झालें. त्या गाडीनें पुढें आंबेनळी घाट कितीदां चढला, याची मोजदाद मालकानें सोडून दिली आहे. दोन वेळच्या खर्चाबद्दल त्यानें मला कधीं शब्दानें बोल लावला नाहीं. लावला असता तर मला बरें वाटलें असतें.

गावच्या शाळेंत मी नंतर परवानगी घेऊन सातवीच्या वर्गावर एक तास घेतला. पेन्सिल आणि कागदी त्रिकोण घेतला, दोन बोल्ट घेतले: एक चांगला, एक ताणलेला. तेलानें घर्षण कमी होतें हें वाक्य फळ्यावर लिहिलें, आणि त्याच्याखालीं, इतकीं वर्षें मीं न लिहिलेलें, दुसरें वाक्य लिहिलें: म्हणून तितकाच जोर लावल्यास ताण वाढतो. ताणलेला बोल्ट वर्गभर फिरला. एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, मग आमच्या पंपाच्या बोल्टांना तेल लावायचं कीं नाहीं?"

उत्तर जिभेवर आलें होतें. मीं तें आवरलें आणि म्हटलें, "पंपाबरोबर मिळालेलें पुस्तक घरीं आहे का? उद्यां घेऊन ये. आपण दोघें मिळून वाचूं."